ओल्या चादरींना पाच सेकंद

शेवटी वहिनी मशीनवरच राहिली. पण हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. आत्ता सकाळचे दहा वाजलेत आणि वहिनीची उचलबांगडी ठरल्यात जमा आहे.

इस्पितळाच्या धुलाईखान्यात कपडे पिळायचा अजस्र ड्रम ती अकरा वर्षं चालवत होती. गेले दोन आठवडे मात्र ड्रम थांबवायला गेलं की मोटरचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह ‘ओव्हरव्होल्टेज’ दाखवून बंद पडायचा. धुलाईखान्याच्या साहेबांचं निदान तयार होतं: बाईचा हात जड आहे. आज ड्राइव्ह पुन्हा बंद पडला तर तिने चादरींच्या घड्या घालायच्या, कायमच्या.

“भाऊजी, नुसतं बटण दाबायचं, त्यात हात जड काय नि हलका काय हो?”

तिचा धाकटा दीर तिथलाच वायरमन. त्याने मीटर लावला. येणारी लाइन व्यवस्थित, मोटर ठणठणीत.

“वहिनी, चालू करताना कधी रुसला?”

“छे! पळतानाही नाही. थांबतानाच काय ते नखरे.”

तो स्टुलावर बसला. ओल्या चादरींनी भरलेला ड्रम म्हणजे तावातावाने बोलणारा त्याचा दादा. एकदम गप्प केलं की उरलेला जोर समोरच्याच्या अंगावर. ड्रम मोटरला फिरवत राहतो, मोटर उलट वीज तयार करून ड्राइव्हमध्ये ढकलते आणि ड्राइव्हकडे ती ठेवायला जागा नसते. त्याने सेटिंगमध्ये थांबण्याचा वेळ पाहिला. पाच सेकंद.

इथे चाळीस तरी हवेत. हा शहाणपणा कोणाचा? मग त्याला आठवलं आणि कान तापले. ‘थांबण्यात वेळ दवडू नये’ असं साहेबांचं परिपत्रक दोन आठवड्यांपूर्वी आलं होतं. माणसांनी की मशीनने, ते लिहिलं नव्हतं. त्यानेच, मोठ्या निष्ठेने, ते मशीनला लागू केलं होतं.

गुपचूप चाळीस करून ‘आपोआप नीट झालं’ म्हणता आलं असतं. पण मग ठपका वहिनीच्याच माथी राहिला असता. त्याने तिला सांगून टाकलं.

“म्हणजे दोन आठवडे तुमच्या वाटणीची बोलणी मी खाल्ली?”

“हो.”

“पोट भरलं माझं. आता घरी तुमच्या दादांसमोर तुम्ही खा.”

चाळीस केले. भरलेला ड्रम डुलत डुलत थांबला. ड्राइव्हने हूं की चूं केलं नाही. बघायला आलेल्या साहेबांनी घड्याळ पाहिलं.

“पस्तीस सेकंद जास्त! परिपत्रक मोडलंत.”

“मोडलं मीच, साहेब. आणि बिघाडही माझाच होता, वहिनीचा नाही.”

“लेखी द्या.”

त्याने दिलं:

‘सदर बिघाड अर्जदाराकडून झाला असून ऑपरेटर निर्दोष आहेत. तरी ओल्या चादरींच्या ड्रमास उपरोक्त परिपत्रकातून सूट मिळावी. ते शक्य नसल्यास परिपत्रकाची एक प्रत ड्रमच्या जडत्वास बजावून त्याची सहीनिशी पोच घ्यावी, ही नम्र विनंती.’