हॉथॉर्न हाउसची ॲडमिशन

सुप्रभाला खोटं बोलायची सवय नव्हती, आणि सवय नसलेल्या माणसानं एकदम मोठ्या कामाला हात घालू नये, हेही तिला कुणी सांगितलं नव्हतं. नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात ती रेडिऑलॉजिस्ट. लोकांच्या छातीतला मोहरीएवढा डाग तिच्या नजरेतून सुटायचा नाही, आणि दिसला की तो रिपोर्टात लिहून ती मोकळी व्हायची. आडपडदा तिच्या स्वभावातच नव्हता. म्हणून तर मंडळाच्या संक्रांतीला, बीस्टनच्या चर्च हॉलमध्ये, तिच्या तोंडून ते वाक्य बाहेर पडलं तेव्हा सगळ्यात जास्त धक्का तिलाच बसला.

मंडळातली वरदा तिला हळदीकुंकू लावत होती. लावता लावता सहज म्हणाली, "तुझी ईशिता दिसली नाही गं बऱ्याच दिवसांत?"

"ती बोर्डिंगला असते आता," सुप्रभा म्हणाली.

शेजारी उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्याच्या, राजीवच्या, तोंडात तिळगूळ होता. त्याला जो ठसका लागला तो पाणी पिऊनही थांबेना.

"अय्या, हो? कुठल्या?"

मुरलेल्या माणसानं इथे एखाद्या नामांकित शाळेचं नाव ठोकून दिलं असतं. सुप्रभानं खरं नाव सांगितलं. "हॉथॉर्न हाउस. न्यूअर्कच्या पुढे."

ते कुणी ऐकलेलं नव्हतं. त्यामुळे शाळा फारच वरच्या दर्जाची असणार, यावर चहा येईपर्यंत हॉलचं एकमत झालं. मग प्रश्न सुरू झाले. वर्गात मुलं किती? "सहा," सुप्रभा म्हणाली, आणि तेही खरंच होतं. बायका हरखल्या. लॅटिन शिकवतात का? खेळ कुठले? सुप्रभा हॉकी म्हणाली, पोहणं म्हणाली, आणि मग कुणी काही विचारलेलं नसताना म्हणाली, "एक पोनीपण आहे."

गाडीत बसल्यावर राजीवनं पट्टा लावला, आरसा नीट केला आणि शांतपणे विचारलं, "पोनी कुठून आणलास?"

"गाडी चालव," सुप्रभा म्हणाली.

हॉथॉर्न हाउस म्हणजे काउन्टी कौन्सिलनं एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, मदतीनं चालवलेलं लाल विटांचं घर. मन थकलेली, घाबरलेली, घरी राहणं ज्यांना सध्या झेपत नाही अशी सहा मुलं तिथे राहायची. सकाळी दोन तास शिक्षक यायचे, दुपारी थेरपिस्ट, आणि चोवीस तास कुणी ना कुणी मोठं माणूस स्वयंपाकघरात असायचंच.

ईशिता पंधरा वर्षांची. आधी तिची हॉकी सुटली, मग शाळा, मग जेवणाचं टेबल, मग अंघोळ. पोटात दुखतं म्हणायची. सुप्रभानं रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, ओळखीच्या सहकाऱ्याकडून ती पुन्हा बघून घेतली. सगळं नॉर्मल आलं. मुलगी दाराआड भिंतीकडे तोंड करून पडलेली, आणि आई जिन्यात उभी राहून "सगळं नॉर्मल आहे गं" असं सांगतेय, असे कितीतरी दिवस गेले. शेवटी एका सकाळी ॲम्ब्युलन्स बोलवावी लागली. मग मुलांच्या वॉर्डात काही आठवडे, आणि तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून घरी नको, आधी हॉथॉर्न हाउस.

हे ऐकून सुप्रभानं पहिला प्रश्न काय विचारावा? "ऑफस्टेडचं रेटिंग काय आहे त्यांचं?" ऑफस्टेड म्हणजे शाळा-वसतिगृहांना श्रेणी देणारं सरकारी खातं. डॉक्टरीणबाईंनी "गुड" असं सांगितल्यावर तिचा चेहरा पडला. घरात 'आउटस्टँडिंग'च्या खाली काही आणायची पद्धत नव्हती.

राजीवची तऱ्हा वेगळी. तो पुलांचा इंजिनीअर. पहिल्या फॅमिली सेशनला तो लॅपटॉप घेऊन गेला आणि ईशिताच्या झोपेचा आलेख दाखवू लागला. ईशिताची की वर्कर डोना, म्हणजे तिच्याकडे खास लक्ष द्यायला नेमलेली बाई, नॉटिंगहॅमकडची अस्सल. ती म्हणाली, "फारच छान आलेख आहे, डक. आता तो बंद कर आणि पोरीला विचार, झोप का येत नाही." ती सगळ्यांनाच डक, म्हणजे बदक, म्हणायची. कन्सल्टंट बाईलाही. इकडची प्रेमाची रीत ती.

रविवारी दोघं भेटायला जायची. ज्या मुलीनं घरी कधी स्वतःचं ताट उचललं नव्हतं, ती तिथे गुरुवारचा स्वयंपाक करायची, आणि वॉशिंग मशीनमध्ये कुणाचे मोजे राहिले यावरून मीटिंगमध्ये भांडायची. भांडण ऐकून सुप्रभाला आनंदानं रडू यायचं. ईशिता म्हणायची, "आई, तू वीअर्ड आहेस."

संक्रांतीनंतर वरदाचे फोन सुरू झाले. तिचा जय चौदा वर्षांचा. त्याच्यासाठी तिला हॉथॉर्न हाउस बघायचं होतं.

"जागा भरल्यात गं," सुप्रभा म्हणाली.

"नुसतं बघून येऊ."

"ओपन डे होऊन गेला."

"मग तुझ्याबरोबर येते रविवारी. तुझी मुलगीच दाखवेल."

खोट्याला पाय नसतात म्हणतात. सुप्रभाच्या खोट्याला होते, आणि ते आता हात धुऊन तिच्या मागे लागले होते. आणखी गंमत अशी की पाहुणा आणायचा तर डोनाची परवानगी हवी, आणि डोना ईशिताला विचारल्याशिवाय कुणाला आत घेत नसे. म्हणजे कबुली द्यायची ती थेट पोरीलाच.

पुढच्या रविवारी बागेतल्या बाकावर बसून सुप्रभानं सगळं सांगून टाकलं. पोनीसकट.

ईशिता बुटाच्या टोकानं चिखल उकरत राहिली. मग म्हणाली, "तुला माझा लाज वाटते?"

"माझी," असं दुरुस्त करायला सुप्रभाचं तोंड उघडलं होतं. तिनं ते मिटलं, आणि ही तिच्या आयुष्यातली एक मोठीच गोष्ट म्हणायला हवी. नाही गं बाळा, असं म्हणणं सोपं होतं. पण खोट्याचा कोटा संपला होता.

"थोडी वाटली," ती म्हणाली. "तुझी नाही. माझी. इतके फोटो वाचते मी लोकांचे, आणि घरातलं मला दिसलं नाही. ते चारचौघींत कसं सांगायचं, कळेना."

ईशितानं तिच्याकडे बघितलं. "ओके. दॅट्स ऑनेस्ट."

मग म्हणाली, "पण पोनी, आई? सीरियसली? मला घोड्याचा ॲलर्जी आहे."

"ते नंतर आठवलं."

"आण तिला. मी देते टूर."

"ईशू, मी सांगते तिला खरं, फोनवर..."

"नो, नो. बोर्डिंग स्कूल आहे ना? मी हेड गर्ल."

वरदा आली ती कडक इस्त्रीची साडी, वर लांब कोट आणि तिळाच्या वड्यांचा डबा घेऊन. राजीव त्या दिवशी घरीच राहिला. त्याला म्हणे गटार साफ करायचं होतं. ईशिता दारात हात मागे बांधून उभी होती. डोनाला तिनं काय सांगून ठेवलं होतं कोण जाणे, पण डोना हसू दाबत चहा ठेवायला आत पळाली.

"वेलकम, वरदामावशी. हा आमची लायब्ररी." तिनं बोर्ड गेम्सचं कपाट उघडून दाखवलं. "हा सायन्स लॅब." ओट्यावर कुणीतरी जाळलेलं पातेलं भिजत पडलं होतं. "आणि इथे सगळ्यांनी मिळून बसायचं आणि फीलिंग्ज बोलायचं. तो सगळ्यात हार्ड सब्जेक्ट आहे. मी फेल होते आधी, आता पास होते."

सुप्रभाला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. वरदा मात्र प्रत्येक खोलीत मान डोलवत होती. तिनं खिडक्यांच्या कड्या बघितल्या, जिन्यातले फोटो बघितले, सोफ्यावर हात फिरवून बघितला.

"आणि एन्ट्रन्सला काय असतं?" तिनं विचारलं.

ईशिताच्या चेहऱ्यावरचं खोडकर हसू किंचित हललं. तिनं वरदाकडे नीट बघितलं. मग सावकाश म्हणाली, "एन्ट्रन्सला... आधी खूप दिवस बेडमधून उठायचं नाही. कोणाशी बोलायचं नाही. मित्रांचा मेसेज आला तर फोन उलटा ठेवायचा."

आतून किटली उकळल्याचा आवाज आला.

"मग जयची तयारी चांगली झालीय," वरदा म्हणाली. "ऑक्टोबरपासून करतोय." आणि डबा हातात तसाच धरून ती सोफ्यावर बसली.

सुप्रभा तिच्याशेजारी बसली. आधी तिनं वरदाच्या हातातला तो डबा काढून घेतला.

"तुला कधी कळलं?" सुप्रभानं विचारलं.

"संक्रांतीच्याच रात्री. नाव गूगल केलं की गं मी." वरदानं डोळे पुसले. "अख्ख्या मंडळानं केलं असेल."

"मग हॉकी, पोनी... नंतर कुणी काही बोललं कसं नाही?"

"तू इतकं रंगून सांगितलं होतंस, मोडवेना आम्हाला."

यावर ईशिता हसली ते पोट धरूनच. सुप्रभा लाल झाली. वरदाही रडता रडता हसली, आणि मग चहा आला. त्या चहावर खऱ्या ॲडमिशनचं बोलणं झालं, आणि शिकवणारी होती ईशिता. आधी जीपीकडे, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरकडे, जा, ती म्हणाली. तिथे 'तो आळशी झालाय' असं बोलू नको. तो काय करत नाही ते सांग, आणि कधीपासून. मग वेटिंग असते, खूप, म्हणून पुन्हा पुन्हा फोन कर. आणि इथे यायला लागेल असं काही नाही. बऱ्याच जणांकडे घरीच कोणी येतं. "आणि त्याच्या दाराबाहेर उभं राहून लेक्चर देऊ नको, मावशी. आत सगळं ऐकायला येतं."

हे शेवटचं वाक्य वरदाला उद्देशून होतं, पण लागलं ते जिला लागायचं तिला.

जयला हॉथॉर्न हाउस लागलं नाही. वाट बघावी लागली, वरदानं फोन करून करून मुलांच्या मानसोपचार सेवेच्या ऑफिसातल्या लोकांना आपला आवाज पाठ करून दिला, आणि मेपासून तिथला एक तरुण पोरगा आठवड्यातून एकदा जयकडे येऊ लागला. पहिल्या काही वेळा तर तो नुसता जिन्यात बसून गेम खेळून गेला. एके दिवशी जय कचऱ्याचा डबा बाहेर ठेवून आला. वरदानं ती बातमी सुप्रभाला, एखाद्याला मेडिकलला प्रवेश मिळावा तशी, फोन करून दिली.

ईशिता जुलैत घरी आली. येताना हॉथॉर्न हाउसची सोमवारची मीटिंगही घेऊन आली. जेवणाच्या टेबलाभोवती तिघांनी बसायचं, ज्याला जे खुपतं ते मांडायचं, मग हात वर करून मत द्यायचं. मिनिट्स लिहायचं काम राजीवकडे, त्यानं लगेच टेम्प्लेट तयार केलं. पहिलाच विषय ईशितानं मांडला: आई दार न वाजवता आत येते.

"हे घर माझं आहे," सुप्रभा म्हणाली.

"हरकत नोंदवली," राजीव म्हणाला, आणि ठराव दोन विरुद्ध एक मतानं मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी ईशिता उठली नाही. असे दिवस येतील, असं डोनानं निघताना सांगितलंच होतं. तरी सुप्रभानं घड्याळ दोनदा बघितलं. हॉस्पिटलला जायची वेळ होत आली होती. ती चहाचा कप घेऊन जिना चढली, दाराच्या मुठीवर हात नेला, आणि थांबली. मग दार वाजवलं.

आत जाऊन पडदे उघडावेत, कपाळाला हात लावावा, विचारावं, असं सगळं एकदम तिच्या हातापायांत आलं. ती जागची हलली नाही. पुन्हा वाजवलं.

"काय आहे?" आतून आवाज आला, जाड, झोपेतला.

"चहा आहे."

चहावर साय धरली.

"बिस्किट आहे?"

"नाही. आणू?"

"हो," ईशिता म्हणाली. "आणि मग ये."