रिकामं भांडं जात नाही

वरठीला, भंडारा रोड स्टेशनाकडून येणाऱ्या रस्त्यावर, सायकल दुरुस्तीच्या दुकानाला लागून यादोराव मेश्रामांचं माल रवाना करण्याचं ऑफिस आहे. एक खोली, एक टेबल आणि मागे टिनाचं गोदाम. इथून माल नागपूरला जातो, तिथून बंदरावर, आणि पुढे जिथं त्याचं नशीब नेईल तिथं. यादोरावांनी समुद्र उभ्या आयुष्यात एकदाच पाहिला होता, तोही सहलीत. पण जवळच्या मोहाडीची पितळी भांडी कोणत्या जहाजात चढली, हे त्यांना खुर्चीत बसून तोंडपाठ असायचं. अशा माणसाला साठीच्या तोंडावर कोणी शाळेत बसवलं तर त्याला राग येणारच.

शाळा नागपूरला होती. ज्या मोठ्या कंपनीमार्फत यादोरावांचा माल जायचा, तिनं आपल्या सगळ्या लहान एजंटांना एसी हॉलात बोलावून घेतलं होतं. युरोपनं नियम बदलले होते. जहाजात माल चढायच्या चोवीस तास आधी तिकडच्या कस्टमला एकेका पेटीची माहिती कळवायची. आत काय आहे, कशाचं आहे, विकणारा कोण, घेणारा कोण, घेणाऱ्याचा तिकडचा नोंदणी क्रमांक कोणता. इतकी वर्षं 'हस्तकलेच्या वस्तू' एवढं लिहिलं की भागत होतं. आता हे दोन शब्द दिसले की कम्प्युटर कागद परत फेकणार होता.

शिकवायला रक्षा नावाची मुलगी होती. तिशीची असेल, पण हॉलातल्या साठ माणसांना तिनं चांगलं धाकात ठेवलं होतं. पडद्यावर चौकोन येत होते, चौकोनांतून बाण निघत होते, बाण पुन्हा दुसऱ्याच चौकोनात शिरत होते. यादोराव मान हलवत राहिले. न समजल्यावर मान हलवायची सवय शाळेतली, ती अजून कामाला येत होती.

शेवटी त्यांनी हात वर केला. "मॅडम, आमच्या मोहाडीचा गुंड असते. त्याले काय लिहायचं?"

"गुंड म्हणजे?"

"पाणी भरून ठेवायचं मोठं भांडं. पितळेचं."

"मग तसंच लिहा ना सर. पाणी साठवण्याचं भांडं, पितळेचं, रिकामं. बस. तिकडे बसलेल्या माणसाला न पाहता समजलं पाहिजे." मग ती सगळ्यांकडे वळली. "एक गोष्ट लिहून घ्या. शंका आली तर अंदाज करायचा नाही. ज्यानं पेटी भरली त्याला विचारायचं."

यादोरावांनी हे डायरीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. त्या दिवशी त्यांना पूर्ण समजलेलं तेवढं एकच वाक्य होतं.

निघताना रक्षानं त्यांना थांबवलं. "सर, मोहाडीचा लॉट तुमचा नवीन नियमातला पहिला. तो नीट गेला पाहिजे. अडकला तर साहेब भंडारा रोडचं ऑफिस यादीतून काढणार. मग मालासाठी इथून आमचाच माणूस जाईल." तिनं हे वाईट वाटून सांगितलं, म्हणून ते जास्त लागलं. यादोराव पॅसेंजरनं परत आले तेव्हा मांडीवर चाळीस पानांचा गठ्ठा होता आणि डोकं ठणकत होतं. बायकोनं, सत्यभामेनं, काय शिकवलं म्हणून विचारलं. ते म्हणाले, "पितळेले पितळ म्हणायचं. बाकीचं आपल्याले काही समजलं नाही."

चार दिवसांनी ते स्कूटरला डबा अडकवून मोहाडीला गेले. सोमाजींच्या कारखान्यात भांडी घडतात, पण पेट्यांचा कारभार सोमाजींच्या बायकोचा, सुशीलाबाईंचा. गावातल्या पाच-सहा बायांना हाताशी घेऊन ती माल गुंडाळते, भरते, पट्ट्या आवळते आणि पेटीवर नंबर घालते. यादोराव दुपारी तिथंच डबा खायचे. सुशीलाबाई तो घासून परत द्यायची, पण त्यात काहीतरी घालून. कधी लाखोळीची डाळ, कधी चिवडा, काहीच नसलं तर गुळाचा खडा. आणि यादोरावांनी आजवर तिची एकही पेटी उघडून पाहिली नव्हती. तिनं पट्टी मारली की मारली.

म्हणून ते "बाई, पेट्या उघडून पाहाव्या लागतीन" म्हणाले, तेव्हा सुशीलाबाईनं हातातली सुतळी खाली ठेवली.

"काहून? अठरा वर्सांत नाई पायल्या, आताच काय झालं?"

"युरोपवाले विचारून राहिले ना. आत काय आहे ते लिहून द्या म्हणतेत."

"भांडे आहेत म्हणून सांगा. पितळेचा कारखाना आहे, मंग आत काय म्हशी राहतीन?"

बाया हसल्या. यादोरावही हसले, पण पट्टी कापली. पेटी नंबर एक. गवतात बसवलेला मोठा गुंड, घासूनपुसून झळझळीत केलेला. त्यांनी आत हात घातला, तर बोटांना कापड लागलं. लाल कापडाची पुडी निघाली, दोऱ्यानं बांधलेली. सोडून पाहिली तर मूठभर धान.

"हे कसं पडलं इथं?"

"पडलं नाई. मी ठेवलं." सुशीलाबाईच्या आवाजात जराही संकोच नव्हता. "तलावाखालच्या वावरातल्या बांधीतलं नवं धान आहे. दर लॉटच्या पहिल्या भांड्यात ठेवतच असतो आमी. रिकामं भांडं कोणाले द्यायचं असते काय, यादोरावजी? तुमचा डबा तरी मी कधी रिकामा देला काय?"

यादोरावांच्या कानात रक्षाचा आवाज घुमला. पितळेचं, रिकामं. बस. अठरा वर्षं त्यांनी सही करून कळवलं होतं की आत भांड्यांखेरीज काही नाही. त्यांच्या टेबलामागे बाबासाहेबांचा फोटो आहे, आणि त्या फोटोखाली बसून खोट्या कागदावर सही करायची नाही, हे बापानं सांगितलेलं त्यांनी आजवर पाळलं होतं. निदान पाळलं आहे असं ते समजत होते.

त्यांनी बाहेर येऊन रक्षाला फोन लावला. "मॅडम, समजा पेटीत थोडं धान असलं तर?"

"धान? किती?"

"मूठभर."

"सर, मूठभर असो की पोतंभर, दाण्याला शेतीखात्याचा वेगळा दाखला लागतो. आणि न लिहिता गेलं, तिकडे सापडलं, तर अख्खा लॉट अडकेल. पण भांड्यांत धान कशाला असेल?"

"नाही नाही, असंच विचारलं."

दाखल्याला वेळ लागणार होता आणि ट्रक शुक्रवारी निघणार होता. यादोराव कारखान्याच्या ओट्यावर बसून विचार करू लागले, आणि विचार केला तसा गोंधळ वाढत गेला. पुडी लिहावी तर माल थांबतो. न लिहावी तर सही खोटी. बाईला काढ म्हणावं, तर ती लॉटच थांबवेल, एवढं ते तिला ओळखत होते. स्वतः त्यांचा असल्या पुड्यांवर काडीचा विश्वास नव्हता. चार दाण्यांनी भांड्याचं भलं होतं, हे त्यांना कोणी तर्कानं पटवून दिलं नसतं. मग ती काढली तर असं काय बिघडणार होतं? पण काहीच बिघडणार नव्हतं, तर ते आत जाऊन तसं सांगत का नव्हते? याचं उत्तर त्या चाळीस पानांत कुठं नव्हतं.

डायरी खिशात होती, दोन रेघांसकट. ती त्यांनी काढली नाही.

त्यांच्यादेखत सुशीलाबाईनं पुडी परत गुंडात ठेवली, गवत दाबलं आणि पट्टी आवळली. निघताना तिनं डब्यात चिवडा भरून दिला.

शुक्रवारी दुपारी वरठीच्या गोदामात त्यांनी पेटी नंबर एक पुन्हा उघडली. पुडी काढली आणि सवयीनं पार्सलच्या काट्यावर ठेवली. चाळीस ग्राम. ती त्यांनी टेबलाच्या खणात टाकली, पेटीला नवी पट्टी मारली आणि कम्प्युटरसमोर बसून एकेक रकाना भरला. पाणी साठवण्याचं भांडं, पितळेचं, रिकामं. या वेळी ते अक्षरशः खरं होतं.

त्याच संध्याकाळी सुशीलाबाईचा फोन आला. "माल गेला ना? पुडी आहे ना त्याच्यात?"

"हाव, गेली," यादोराव म्हणाले. शब्द इतका सहज निघाला की त्यांनाच नवल वाटलं.

लॉट अडकला नाही. तिकडून एकही प्रश्न आला नाही. रक्षानं फोन करून सांगितलं की सगळ्या लहान एजंटांत पहिल्याच फटक्यात पास झालेलं ऑफिस भंडारा रोडचं, आणि साहेब खूश आहेत. यादोरावांनी सत्यभामेसाठी जिलेबी नेली. पण खण उघडला की लाल कापड दिसायचं, म्हणून ते पेनही दुसऱ्या खणात ठेवू लागले. पुडी फेकून द्यायचं दोनदा मनात आलं. विश्वास नव्हता तरी हात धजला नाही, आणि हात का धजत नाही हेही कळेना.

दोन महिन्यांनी रक्षाचा पुन्हा फोन आला, आणि या वेळी आवाज वेगळा होता. "सर, तुमचा माल घेणाऱ्या अँटवर्पच्या दुकानवाल्या बाईंचा मेल आहे. माल मिळाला, सगळे नग बरोबर. पण त्या म्हणतात, पहिल्या भांड्यात दर वेळी लाल पुडी येते, ती या वेळी नाही. आधीच्या सगळ्या त्यांनी दुकानात एका परातीत जपून ठेवल्या आहेत. त्या विचारतात, पुडी ठेवणाऱ्या बाईंची तब्येत बरी आहे ना?" मग तिनं स्वतःचा प्रश्न विचारला. "सर, ही पुडी कसली?"

यादोरावांनी डोळे मिटले आणि सगळं सांगून टाकलं. आता यादीतून नाव जाणार, हे धरूनच सांगितलं.

मग रक्षा म्हणाली, "या वेळी नव्हती ना आत?"

"नव्हती. मीच काढली."

"मग तुमचा कागद खरा आहे. मागचं मी ऐकलं नाही, पुढं जाऊ देऊ नका. पण त्या बाईंना काय उत्तर लिहू? बऱ्या आहेत ना त्या? तुम्ही विचारून सांगा."

दुसऱ्या दिवशी यादोराव मोहाडीला गेले. डबा खाल्ला, पण घास गोड लागला नाही. सुशीलाबाई डबा घासायला उचलणार, तेवढ्यात त्यांनी खिशातून पुडी काढून तिच्यासमोर ठेवली. मग मेल वाचून दाखवला, आणि आपण काय केलं तेही सांगितलं. ट्रकची तारीख, दाखला, यादी, सगळं सांगितलं. सांगताना त्यांनाच ते लांबलचक वाटू लागलं.

सुशीलाबाईनं पुडी उचलून तळहातावर तोलली.

"किती भरली?"

"चाळीस ग्राम."

"चाळीस गरामासाठी तुमी माह्यासंग खोटं बोलले, यादोरावजी?"

यादोरावांनी मान खाली घातली. हलवली मात्र नाही.

"तिकडच्या मानसायले, ज्यायनं तुमचं तोंड नाई पायलं, त्यायले खरं लिवलं. अन् मी फोनवर विचारलं त हाव गेली म्हणाले." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. "मले सांगाचं होतं. धान चालत नाई, दुसरं काई ठेवा म्हणाचं. घरात पितळेचा कारखाना आहे. एक पितळेची लोंबी घडवून ठेवली असती त्या गुंडात. तेबी लिवता आलं असतं ना तुमाले कागदावर?"

"आलं असतं," यादोराव म्हणाले. पितळेची लोंबी, नग एक. रकान्यात अगदी चपखल बसत होतं, आणि इतकं सोपं होतं की त्यांना रडू यायचं बाकी राहिलं. ज्यानं पेटी भरली त्याला विचारायचं. डायरीत लिहिलेलं होतं, खाली दोन रेघा ओढून.

"पुढच्या लॉटमंदी लोंबी राहीन," सुशीलाबाई म्हणाली. "त्या बाईले कळवा, मी बरी हाव म्हणून."

ती डबा घेऊन आत गेली. मोरीत पाण्याचा आवाज झाला, भांडं घासल्याचा आवाज झाला. यादोराव चपला घालून ओट्याशी उभे राहिले. ती बाहेर आली, पदरानं डबा पुसला, कडी लावली आणि त्यांच्या हातात दिला. मग पाठ फिरवून पेट्यांकडे निघून गेली.

डबा हातात येताच यादोरावांना कळलं. तरी स्कूटरजवळ गेल्यावर त्यांनी कडी काढून पाहिलं. आत काही नव्हतं, गुळाचा खडासुद्धा नाही. गेले तीन महिने त्यांना सगळ्या गोष्टी दोनदोनदा समजावून घ्याव्या लागल्या होत्या. ही मात्र एकदाच पाहून समजली.