कोंबड्यांच्या खेळावर आलेला आळ

मित्रांनो, खिडकीजवळच्या टेबलावरचा हा कॉम्प्युटर सुरू झाला की पडद्याच्या डाव्या बाजूला, अगदी खाली, एका कोंबडीचं चित्र दिसतं. तिची मान जरा वाकडी आहे, कारण जिनं ती काढली तिला चित्रकला कधीच जमली नाही. ते चित्र म्हणजे माझं दार. मी एक जुना, घरी केलेला कॉम्प्युटरवरचा खेळ आहे. मी दुकानात मिळत नाही, माझी जाहिरात कुठे लागत नाही आणि सगळ्या जगात मला खेळणारा माणूस एकच आहे. तरीही मी स्वतःला कधी कमी लेखलं नाही. ज्यांच्यासाठी मला केलं त्यांच्या मी उपयोगी पडत होतो, आणि खेळाला याहून जास्त काय हवं असतं?

मला या घरातल्या सुनेनं लिहिलं. प्रोग्रॅम लिहिणं हे तिचं रोजचंच काम. कचेरीत ती गोदामातल्या मालाचे रुक्ष प्रोग्रॅम लिहिते. मला मात्र तिनं सुट्टीच्या दुपारी, सगळ्यांची जेवणं झाल्यावर, सासऱ्यांसाठी लिहिलं.

सासरे घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग लावून, चिमट्यात तिळाएवढा स्क्रू धरून त्यांनी उभा जन्म काढला. मग एका सकाळी त्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं पुन्हा नीट झालं, पाय काठीच्या आधारानं चालू लागला, पण उजवा हात रुसून बसला. व्यायाम घेणाऱ्या बाईंनी त्यांना दाबायला एक मऊ चेंडू दिला. "हे सुरुवातीचे महिने मोलाचे आहेत, आजोबा," त्या म्हणाल्या. "आत्ता हात जे शिकेल ते शिकेल. पुढे फार जड जातं." आजोबांनी चेंडू दोनदा दाबला आणि सोफ्याखाली सोडून दिला. मी काय तान्हं बाळ आहे का, असं त्यांचं म्हणणं.

सून हट्टाला पेटणारी. तिनं एकदा सहज विचारलं, "बाबा, लहानपणी तुम्हाला कुठलं काम आवडायचं?" ते म्हणाले, "संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात घालायचं. ते घाईचं काम नव्हे. हळूहळू मागे राहायचं, म्हणजे आपोआप जातात." त्याच आठवड्यात माझा जन्म झाला.

माझ्यात एक अंगण आहे, एक खुराडं आहे आणि सहा कोंबड्या आहेत. खेळणाऱ्यानं उजव्या हातात माऊस धरून कोंबडीच्या मागे मागे जायचं. हात शांत राहिला तर ती ठुमकत दारापाशी जाते. हाताला झटका बसला की पंख फडफडवून कुंपणावर जाऊन बसते आणि वरून आपल्याकडे असं बघते की चूक आपलीच वाटावी. रोजची थरथर मी टिपून ठेवत असे. ती कमी झाली की दुसऱ्या दिवशी खुराड्याचं दार थोडं अरुंद करत असे. ही युक्ती सुनेची, पण ती राबवण्यात माझाही वाटा होता, हे मी सांगून टाकतो.

पहिल्या दिवशी एकही कोंबडी आत गेली नाही. आजोबा वैतागले, पण उठले नाहीत. पुढे तर सकाळचा चहा झाला की स्वारी टेबलापाशी हजर. सगळ्यात आडमुठी होती ती ठिपक्यांची कोंबडी. तिच्याशी ते बोलायचे. "चला महाराणी, आता निघता का? आम्हाला दुसरी कामं आहेत." दुसरं काम त्यांना एकही नव्हतं. हळूहळू ती महाराणीही आत जाऊ लागली. शर्टाची बटणं त्यांची त्यांना लावता येऊ लागली. एकदा त्यांनी कपाटातून आपला जुना चिमटा काढला आणि याच टेबलावर एक बारीक स्क्रू उचलून बघितला. स्क्रू उचलला गेला, थोडा वर आला आणि पडला. सून म्हणाली, "आला की वर." आजोबा म्हणाले, "अजून थोडे दिवस. एकदा एक घड्याळ माझ्या हातानं उघडून पुन्हा बंद केलं, की माझं काही मागणं नाही." त्या वेळी मला इतका अभिमान वाटला की विचारू नका.

मग सुनेच्या आईचं पडण्याचं निमित्त झालं आणि खुब्याचं हाड मोडलं. तिकडे करायला दुसरं कोणी नव्हतं. सून घाईघाईनं माहेरी गेली. जाताना तिनं आजोबांना बजावलं, "कोंबड्या रोज आत घालायच्या, बाबा. खाडा नको."

आता या कॉम्प्युटरच्या पहारेकऱ्याबद्दल सांगतो. प्रत्येक कॉम्प्युटरवर असा एक असतो, त्याला अँटीव्हायरस म्हणतात. व्हायरस, म्हणजे चोरून आत शिरणारे नासके प्रोग्रॅम, पकडणं हे त्याचं काम. त्याच्याकडे अधूनमधून चोरांच्या खाणाखुणांची नवी यादी येते. माझं त्याच्याशी कधी वाकडं नव्हतं. पण सून गेल्यावर एका सकाळी नवी यादी आली आणि त्याच्या मनात पाल चुकचुकली. हा खेळ सारखा माऊसवर डोळा ठेवतो. हाताची प्रत्येक हालचाल लिहून ठेवतो. याला कोणी केलं, त्याची कुठे नोंद नाही. चोरही असंच वागतात. त्यानं तडक माझी मानगूट धरली.

आजोबा नुकतेच येऊन बसले होते. पडद्यावर लाल चौकट आली आणि तिच्यात बारीक अक्षरं. त्यांचा हात दचकला, कुठलंसं बटण दाबलं गेलं, आणि पहारेकऱ्यानं मला आतल्या कोठडीत नेऊन कुलूप लावलं. तिथे काही दिसत नाही, काही ऐकू येत नाही. खेळ तिथे चालत नाही, फक्त पडून राहतो.

पुढचं सगळं मला नंतर याच टेबलापाशी झालेल्या बोलण्यातून कळलं. आजोबांनी वाकड्या मानेच्या कोंबडीवर पुन्हा पुन्हा बोट दाबून पाहिलं. काही उघडलं नाही. त्यांना वाटलं, आपल्याच थरथरत्या हातानं सुनेनं केलेली वस्तू मोडली. ज्यांनी आयुष्यभर लोकांच्या मोडक्या वस्तू नीट करून दिल्या त्यांना याची केवढी लाज वाटली असेल. संध्याकाळी त्यांच्या मुलानं, म्हणजे सुनेच्या नवऱ्यानं, आज खेळ का नाही म्हणून विचारलं, तर म्हणाले, "कंटाळा आला मला त्या कोंबड्यांचा."

मुलगा घरीच हिशेबतपासनिसाचं काम करतो, त्याच कॉम्प्युटरवर. त्यानं पहारेकऱ्याची नोंद वाचली, 'घातक प्रोग्रॅम अडवला.' त्याच्या तोंडचं पाणी पळालं. बायकोला फोन करावा असं त्याला वाटलं होतं. पण ती तिकडे आईच्या उशाशी बसलेली, आणि तिला सांगायचं काय, तू बाबांसाठी केलेला खेळ चोर निघाला? तो मूग गिळून गप्प बसला. बाबांना तसाही कंटाळा आलाय, असं म्हणून त्यानं मनाची समजूत घातली. तो वाईट माणूस नाही, मित्रांनो. बायकोच्या जिवाला आणखी घोर नको, एवढंच त्याच्या मनात होतं.

सुनेचा रोज फोन यायचा. "बाबा, कोंबड्या काय म्हणतात?"

"मजेत आहेत," आजोबा म्हणायचे. "तू आईकडे बघ."

आईचं हाड जुळायला वेळ लागला. ती हिंडूफिरू लागली तेव्हा कुठे सून परतली. दाराशीच तिनं पाहिलं, आजोबांच्या शर्टाची वरची दोन बटणं उघडी होती आणि उजवा हात पोटाशी धरलेला होता. ती पिशवी न उतरवता थेट टेबलापाशी आली. वाकड्या मानेची कोंबडी दाबली, तर 'फाइल सापडत नाही' एवढंच उत्तर आलं.

"माझ्या हातून मोडला गं तो," आजोबा खाली बघत म्हणाले. "हात थरथरला आणि काहीतरी दाबलं गेलं. तू एवढ्या हौसेनं केला होतास."

मुलगा आतून आला. "तुमच्या हातून नाही हो, बाबा. त्याच्यात व्हायरस होता. मी वाचलं होतं."

"मला का नाही विचारलंत?" सून म्हणाली. तिनं दोघांनाही विचारलं होतं.

मग ती बसली. मला वाटायचं, ती आल्या आल्या मला मिठीच मारेल. पण ती म्हणाली, "आधी खात्री करू. माझ्या खेळाला खरंच काही लागलं असेल तर?" मला जरा लागलं, पण तिचं बरोबर होतं. तिच्याकडे माझी मूळ प्रत जपून ठेवलेली होती. माणसाच्या बोटाचा ठसा असतो तसा प्रत्येक प्रोग्रॅमचा एक आकडा निघतो. दोन्हींचे आकडे तिनं ताडून पाहिले, ते तंतोतंत जुळले. तिनं मूळ प्रत आणखी काही पहारेकऱ्यांपुढे उभी केली. कोणी तिला हात लावला नाही. तेव्हा तिनं माझं कुलूप काढलं.

मुलगा म्हणाला, "हा अँटीव्हायरसच बंद करून टाक ना. पुन्हा कटकट नको."

"नको," ती म्हणाली. "तो आहे म्हणून तुमचं काम सुखरूप आहे. फक्त याच्या एकट्याच्या नावानं परवानगी देऊया." आणि पहारेकरी तयार करणाऱ्या कंपनीला तिनं माझी एक प्रत पाठवली, की बघा, हा चोर नाही, तुमची चूक होतेय. या सगळ्याला चहा निवायला लागतो तेवढाच वेळ लागला.

आजोबा खुर्चीत बसले. अंगण उघडलं. खुराड्याचं दार, ते शेवटचे खेळले तेव्हा होतं तेवढंच मी अरुंद ठेवलं होतं, मला दुसरं काय माहीत असणार? त्यांनी माऊस धरला आणि पहिल्याच क्षणी सगळ्या कोंबड्या उडाल्या. पुन्हा धरला, पुन्हा उडाल्या. बोटं उघडतच नव्हती. त्या दिवशी ते महाराणीशी एक शब्दही बोलले नाहीत. सून हलकेच म्हणाली, "दार मोठं करते, बाबा." त्यांनी मान डोलावली. पहिल्या दिवशी होतं त्याहूनही मोठं करावं लागलं.

व्यायाम घेणाऱ्या बाईंना सुनेनं पुन्हा बोलावलं. त्यांनी बोटं एकेक करून दाबून पाहिली. "करत राहा," एवढंच म्हणाल्या. पुढे एक दिवस आजोबांनी तो चिमटा आणि भिंग ओळखीच्या एका तरुण घड्याळवाल्याला देऊन टाकलं. देताना त्याला म्हणाले, "चिमटा घट्ट धरू नकोस, नुसता टेकव."

काही दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं. सुनेनं ते मोठ्यानं वाचलं. आमच्याकडून चूक झाली, नव्या यादीतून हा खेळ वगळला आहे, आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. आजोबा हसले. "गैरसोय म्हणजे मीच ना?" सून हसली नाही. ती उठून आत गेली आणि तिथे बराच वेळ नळ वाहत होता.

मित्रांनो, पहारेकऱ्यावर माझा राग नाही. संशय घेणं हे त्याचं कामच आहे. तुमच्याकडे कधी ओळखीचा, विश्वासाचा खेळ असा अडवला गेला तर पहारेकऱ्याला हाकलू नका, आणि त्याचं एकट्याचं म्हणणं खरं मानून खेळही टाकून देऊ नका. ज्यानं तो केला त्याला विचारा, मूळ प्रतीशी ताडून बघा, मगच काय ते ठरवा. आणि आपल्या हातून काही मोडलं असं वाटलं, तर ते त्याच दिवशी घरात सांगा. कोणाला त्रास नको म्हणून गप्प राहू नका. मला कोठडीत बोलता येत नव्हतं. बाहेर ज्यांना येत होतं ते एकमेकांना जपत बसले, आणि तेवढ्यात त्या हाताचे मोलाचे महिने निघून गेले.