रिळाचा हत्ती

मी एक जुने लाकडी रीळ आहे. माझ्यावर अजून वीतभर लाल दोरा शिल्लक आहे. पण मित्रांनो, मला नुसते रीळ समजू नका. मी हत्ती आहे!

माझा जन्म दोऱ्याच्या कारखान्यात झाला. कर्वेनगरच्या सरोजिनीबाईंच्या शिलाई मशीनवर मी पुष्कळ फिरलो. दोरा संपत आला तेव्हा वाटले, आता केराची टोपली. पण तेव्हाच त्यांच्या बुद्धिबळातला एक पांढरा हत्ती गॅलरीतून गटारात पडला.

"मोहऱ्यांचा नवा डबा आणू," त्यांचे यजमान अनंतराव म्हणाले.

"कशाला? हे उभं राहतं की," असे म्हणून सरोजिनीबाईंनी मला कोपऱ्यातल्या घरात ठेवले. तेव्हापासून संध्याकाळचा चहा झाला की डाव मांडायचा. पांढरे मोहरे नेहमी त्यांचेच. "माझं रीळ येतंय हं, सांभाळा," असे त्या म्हणायच्या, आणि अनंतराव खरोखरच सांभाळायचे.

पुढे सरोजिनीबाई आजारी पडल्या आणि गेल्या. आमचा डबा कपाटावर गेला.

एके दिवशी झाकण उघडले. समोर शेजारचे हिंदुराव बसले होते. ते मुलाकडे वाघोलीला राहायला निघाले होते.

"अनंतराव, पट नुसता पडून आहे. मला द्या."

"फुकट? जिंकून न्या."

"नेतोच! पण हा कचरा तुम्हीच ठेवा. मी तिथे प्लास्टिकचा हत्ती घेईन."

कचरा म्हणजे मी! माझ्या मधल्या भोकातून गार वारा गेला.

अनंतरावांनी पहिल्यांदाच पांढरे मोहरे घेतले. डाव रंगला. आमच्या घोड्याला हाकलायला हिंदुरावांनी आपल्या राजापुढची दोन प्यादी ढकलली. पण घोडा मागे फिरलाच नाही! त्याने एक प्यादे मारले आणि तो मेला. त्याला मारणाऱ्या प्याद्याला आमच्या प्याद्याने मारले, आणि माझ्यासमोरची सगळी पट्टी मोकळी झाली. पलीकडच्या टोकाला काळा राजा उघडा पडला होता!

पण हिंदुरावांचा वजीरही आमच्या राजाच्या दाराशी आला होता.

"पुढच्या चालीला मात. पिशवी आणा, अनंतराव!"

अनंतरावांचा हात वजिराकडे गेला आणि थांबला. मग तो माझ्यावर आला. दोऱ्याला त्यांचे बोट लागले.

"रीळ येतंय हं," ते हळूच म्हणाले. "सांभाळा."

आणि मी सुटलो! या टोकापासून थेट त्या टोकाला, राजाच्या अगदी शेजारी. शह!

राजाला बाजूला सरकायला जागा होती. पण हिंदुराव हसले. "कचरा लोकांच्या दारात टाकता होय? थांबा, उचलतो." राजाने मला मारले.

मी पटाबाहेर आडवा पडून पाहत होतो. माझ्या मोकळ्या पट्टीवर आमचा वजीर झेपावला. शह! राजा मागे परतला. वजीर आणखी आत घुसला, त्याच्या पाठीशी लांबून उंट उभा. पुन्हा शह! राजाला जायला घरच उरले नाही. मात!

हिंदुरावांनी आपला राजा आडवा केला. "वहिनींचा डाव हा," ते म्हणाले.

"सांगितलं होतं, सांभाळा म्हणून." अनंतरावांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला.

हिंदुरावांनी मला उचलले, शर्टाला पुसले आणि स्वतःच्या हाताने कोपऱ्यातल्या घरात उभे केले. "रविवारी येतो वाघोलीहून. पांढरे मी घेणार."

"काळे घ्या. रीळ मी कोणाला देत नाही."

मित्रांनो, एखादा मोहरा हरवला म्हणून पट कपाटावर टाकू नका. घरात शोधा, काहीतरी नक्की उभे राहील. माझ्यासारख्यावर कोणाचा दोरा उरला असेल तर तो तोडू नका. आणि हो, राजापुढची प्यादी उगाच ढकलू नका!