ओठांचा कोपरा

"मेविस, हे पुस्तक आज मला न्यावंच लागेल. दुसऱ्या कुणीतरी मागितलंय."

माती मळता मळता मेविसने मान वर केली. "आठ महिने मुदत वाढवून दिलीस, मग आताच काय झालं?"

"आठ महिने ते कुणाला नको होतं."

बर्नी गावच्या ग्रंथालयाची पुस्तकांची गाडी घेऊन मी दर मंगळवारी तिच्याकडे जाते. तिच्या खिडकीत जुन्या कादंबऱ्यांमधली माणसं बसलेली असतात. एक पाद्री, एक कंजूस काका, एकच हातमोजा घातलेली विधवा. सगळी पॉलिमर मातीची, वीतभर उंचीची. मेविसला वाचता येत नाही. हे तिने मला ओळख होऊन सहा वर्षं झाल्यावर सांगितलं, तेही चिडून. नवरा क्लॅरी वाचायचा आणि ती ऐकत ऐकत चेहरे घडवायची. पुस्तक संपेपर्यंत बाहुली ओव्हनमध्ये जायची नाही. शेवट कळल्याशिवाय तोंड कसं पक्कं करायचं, असं तिचं म्हणणं.

या पुस्तकातली दीपगृहवाल्याच्या मुलीची गोष्ट शेवटच्या प्रकरणाशी आली आणि क्लॅरीला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. ही माती भाजेपर्यंत मऊच राहते, म्हणून त्या मुलीची बाहुली डब्यात तशीच पडून होती.

"मी वाचून दाखवते ना. अर्ध्या तासाचं काम," मी म्हटलं. घर सोडून गेलेली ती मुलगी परत येते का, हे मलाही जाणून घ्यायचं होतं.

"तू गप्प बस गं. त्याने सुरू केलंय ते."

"त्यांना शेवट ठाऊक आहे?"

"आधी दोनदा वाचलंय त्याने. विचारलं की नुसता हसायचा, डांबरट."

बोलता बोलता ती थबकली. डबा उघडून तिने बाहुली खुर्चीतल्या क्लॅरीच्या मांडीवर ठेवली.

"सांग रे. येते का ती परत?"

क्लॅरीने डाव्या हाताने बाहुली जवळ ओढली. मग अंगठ्याने त्याने तिच्या ओठांचा एक कोपरा वर सरकवला. जरा थांबला, आणि दुसरा किंचित खाली दाबला.

मेविसने वाकून पाहिलं. "येते. पण घरी कुणी नसतं. हो ना?"

क्लॅरीने मान डोलावली. मी खिडकीतल्या पाद्र्याकडे बघत बसले.

भाजण्याआधी मातीवरचे बोटांचे ठसे ती कापसाने पुसून काढते. आज तिने कापूस घेतला नाही. बाहुली तशीच ओव्हनमध्ये ठेवून ती आली आणि पुस्तक माझ्या हातात दिलं.

"घे. झालं आमचं वाचून."