बय्युमीचा कोरा कागद

नवऱ्याला, बय्युमीला जाऊन तेहेतीस दिवस झाले, तरी वगीदाच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. गल्लीतल्या बायका आधी हळहळल्या, मग कुजबुजू लागल्या. त्यांना दुसरं काम काय! वगीदा उठत होती, भाकरी भाजत होती, बदकांना दाणे टाकत होती. आत मात्र सगळं बधिर होतं, दाढ काढल्यावर हिरडी असते तसं.

परसात फुटक्या बाथटबमध्ये कागद करायचं पपायरस उभं होतं. कागद घेणारे पर्यटक यायचे थांबले आणि गावाने शेतातलं पपायरस उपटून भात लावला, तेव्हा बय्युमीने एक गड्डा घरी आणून टबातल्या चिखलात रोवला. तीस वर्षं नवरा-बायकोने कागद केले. त्यांवर लोकांनी जुने फेरो राजे रंगवले, ते कुठे कुठे गेले. घरात मात्र एक तुकडा नाही.

"लेकीला, इन्साफला लग्नात एक कागद द्यायचा," तो म्हणायचा. "कोरा. आपल्या हातचा."

दांडे भिंतीच्या वर गेले की कापायचे, असं ठरलं होतं. दांडे वर गेले आणि त्याच आठवड्यात तोही गेला.

इन्साफचं लग्न पुढच्या महिन्यात होतं. वगीदाने विळा घेतला. दांडे निघाले अकरा, एका कागदापुरते. बिघडला तर लग्नाआधी दुसरा होणं शक्य नव्हतं. शेंडे शेळीपुढे टाकून तिने साल सोलली, आतल्या पांढऱ्या गराच्या पट्ट्या काढल्या, लाटल्या, भिजत घातल्या. हात आपले आपण चालत होते.

सहा दिवसांनी तिने पट्ट्या आडव्या-उभ्या मांडल्या. खाली-वर सुती कापड घालून फळ्यांचा शिकंजा आवळायचा, म्हणजे पाणी शोषलं जातं. हे कापड साधं हवं, बिनशिवणीचं. कागदाच्या कारखान्यात नव्या पोरींना ती दम द्यायची, "कापडाला शिवण दिसली तर हात तोडीन!" ओल्या कागदावर शिवण उमटते आणि व्यापारी तो तोंडावर फेकतो. जुनी कापडं उंदरांनी कुरतडली होती. तिने दाराशेजारच्या कपड्यांच्या ढिगातून हाताला लागलेलं मऊ कापड न बघताच ओढलं, घडी घालून वर ठेवलं आणि शिकंजा फिरवला.

दुसऱ्या दिवशी बय्युमीचा चाळिसावा होता. अंगणात मांडव घातला, कुराण वाचायला शेख आले. बय्युमीचे कपडे, त्याचे पायघोळ गलाबिया, शेखांमार्फत गरिबांना द्यायचे होते. इन्साफ गाठोडं सोडून बसली.

"यम्मा, गलाबिया तीनच आहेत. चार होते ना?"

"असेल तिथेच."

"तिथे असता तर तुझं डोकं खाल्लं असतं का मी?"

तेवढ्यात बय्युमीचा धाकटा भाऊ साबित आला. याने उभा जन्म कैरोच्या दुकानांना कागद विकले, त्यामुळे जिथे तिथे नाक खुपसायचा हक्क त्याला आपोआपच होता.

"इन्साफच्या आई, शिकंज्यातलं ओलं कापड बदललंत का? सडेल हो कागद!"

वगीदाने शिकंजा सैल केला. वर करड्या रंगाचा गलाबिया होता. इन्साफने तोंडावर हात ठेवला. वगीदाने तो हलकेच सोलून काढला.

कागद एकसंध झाला होता, पण मधोमध छातीचा खिसा उमटला होता. चौकोनी, टाक्यान् टाका दिसत होता. डावा कोपरा उसवल्यावर वगीदानेच घाईत दोन वाकडे टाके घातले होते, तेही होते. या खिशात बय्युमी चष्मा ठेवायचा आणि घरभर शोधत फिरायचा.

"आता कुणाचे हात तोडायचे?" साबित हसला, मग तिच्याकडे बघून वरमला. "जाऊ द्या हो. ओलाच आहे अजून. परत भिजवा, साध्या कापडात दाबा, पुसून जाईल. कोरा होईल."

वगीदाने त्या दोन वाकड्या टाक्यांवरून बोट फिरवलं. छातीत कळ आली. दुखलं, खूप दुखलं, चाळीस दिवसांत पहिल्यांदा. पाणी डोळ्यांतून हनुवटीवर आलं तेव्हा कुठे तिला कळलं.

"पुसायचं नाही," ती म्हणाली.

"अहो, पण वाळायला हवा ना? कोरडं कापड तरी..."

तिने गलाबिया शेगडीजवळ धरून कोरडा केला. मग खिशावर खिसा नीट बसवून परत कागदावर ठेवला आणि शिकंजा आवळला.

"इन्साफ," नाक पुसत ती म्हणाली, "शेखना तीनच दे."