चुरगळलेली टेप

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी एक जुना व्हिडिओ प्लेअर आहे. माळ्यावर पडून आहे, अंगभर धूळ आहे आणि मनात एक सल आहे.

दुकानातून या घरात आलो तेव्हा माझा काय रुबाब होता! घरात माणसं दोनच, बाबा आणि त्यांची धाकटी लेक. धाकटी दिवसभर कारखान्यात शर्टांना बटणं लावायची आणि संध्याकाळी माझ्यासमोर बसून थोर नटनट्यांचा अभिनय शिकायची. मागे घे, थांबव, पुन्हा चालव. माझी बटणं झिजली, पण मला तिचा भारी अभिमान वाटायचा. नाट्यशाळेच्या प्रवेशपरीक्षेला बसायचं ते तिचं शेवटचं वर्ष होतं. पुढच्या वर्षी वय उलटणार होतं.

परीक्षेसाठी तिने एका जुन्या सिनेमातला, तोवर नुसता ऐकलेला गाजलेला प्रसंग निवडला. मुलगा गेल्याची तार हातात घेऊन आई नुसती उभी राहते. कॅसेट घरी आली आणि धाकटी कामावर असताना बाबांनी ती लावली. माझ्या आतली धूळ पुसायला कित्येक महिने कुणी कापूस फिरवला नव्हता. टेप माझ्यात अडकली, नेमकी त्याच प्रसंगावर चुरगळली. बाबांनी ती पेन्सिलीने गुंडाळून सारखी केली आणि मूग गिळून बसले.

संध्याकाळी त्या जागी चित्र उडालं. नटीची मान एकदम डावीकडे हिसकली.

"बाबा, पाहिलंत? सगळं दुःख मानेत आणलंय बाईंनी."

"हं," बाबा म्हणाले.

दोन महिने तिने तो हिसका घोटला. "जमलं का हो?" विचारायची. "हुबेहूब," बाबा खाली बघून म्हणायचे. माझा जीव तीळतीळ तुटायचा.

परीक्षेहून आली ती चपला न काढताच खाली बसली.

"मानेत लचक भरलीय का, म्हणून हसले सगळे. मी म्हटलं, बाईंनी असंच केलंय. तर एक वयस्कर परीक्षक म्हणाले, बाई त्या प्रसंगात तसूभरही हलत नाहीत."

तेव्हा कुठे बाबांनी खरं सांगितलं. "तुझा हिरमोड होईल असं वाटलं गं."

"पहिल्याच दिवशी बोलला असतात तर मी दुसरी कॅसेट आणली असती," ती शांतपणे म्हणाली आणि तिने माझी वायर काढली. आता ती बाबांना वेळेवर जेवायला वाढते, औषध देते आणि कामावर जाते. बोलत मात्र नाही.

मित्रांनो, घरातली यंत्रं वेळच्या वेळी पुसत जा. आणि आपल्या हातून काही बिघडलं, तर त्याच दिवशी सांगून टाका. मला बोलता येत नव्हतं. बाबांना येत होतं.